व्यवसाय : गृहिणी

वयनी, खालच्या खाचरातली लावणी तशीच राहिली. रोप हातभर वाढून पिवळं पडलंय. दादा म्हणतो, आता लावून काय उपयोग, गुरांना टाकू. यावर सगळे एकमेकांकडे बघतात आणि कुणीतरी म्हणतं, सुनंदा असती तर. गेल्या सतरा दिवसांत हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. तू असतीस तर काय झालं असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. तू होतीस तेव्हा आम्ही काय केलं, त्यावर मात्र कुणी बोलत नाही. मी बोलणार आहे. तुला आवडणार नाही, पण तुझ्या आवडीचा विचार या घरात कधी झाला होता म्हणून आता करायचा?

'फार गोड स्वभावाची होती,' असं परवा कुणीतरी म्हणालं. तुला हसू आलं असतं. गोड तू कधीच नव्हतीस. लग्न होऊन आलीस तेव्हा मी नववीत होते. लावणीच्या दिवसांत आई मला शाळेतून काढून शेतात न्यायची. पहिल्याच वर्षी तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "हिला नेऊ नको, आत्ये. हिची रांग सरळ नाय आनि हिनं लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी तरंगतं. हिच्या वाटचं मी लावते. ही शाळेतच बरी." मला इतका राग आला होता की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नाही. तो अपमान म्हणजे माझी दहावी होती, बारावी होती, पुढचं कॉलेज होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. माझ्या वाटचा चिखल तू तुडवलास. त्याबद्दल मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही. एकदा म्हणायला गेले तर तू म्हणालीस, "तुझी रांग खरंच वाकडी होती गं बाय."

मग मला नोकरी लागली. बेलापूरला ऑफिस, सीवूड्सला फ्लॅट. काम काय, तर लहान शेतकऱ्यांपर्यंत यंत्रं पोचवायची. 'महिला शेतकरी' हा शब्द मी दिवसातून वीस वेळा उच्चारते, वयनी. तोंडाला वळण पडलंय. आणि इकडे गावाला, बंदरासाठी जमीन गेल्यावर उरलेल्या दीड एकराच्या तीन तुकड्यांत तू एकटी राबत होतीस. दादा न्हावा शेव्याच्या यार्डात कंत्राटावर कंटेनर मोजायला. शेतकरी म्हणून सातबाऱ्यावर आधी बाबांचं नाव, बाबांनंतर त्याचं आणि माझं.

माझं नाव तिथं जेमतेम काही महिने होतं. ते काढायच्या आधी तू माझ्याकडे आली होतीस, आठवतं? लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली होती आणि माझ्या घरी एकटी अशी तू पहिल्यांदाच येत होतीस. सीवूड्स स्टेशनातून बाहेर पडताना मॉलमध्ये शिरलीस आणि अर्धा तास फिरत राहिलीस. शेवटी एका वॉचमनने तुला रिक्षात बसवलं. आलीस ती हसत. "एवढा मोठा बाजार, नि एक जागा नाय जिथं माणूस टेकंल," म्हणालीस. पिशवीतून सुकट काढलीस, माझ्या ओट्यावर ठेवलीस आणि पाणीही न पिता म्हणालीस, "बाय, त्या हक्कसोडीवर सही करू नको."

"का?"

"कागदावर एका बाईचं नाव राहू दे. तुला ठेवायचं नसंल तर माझ्या नावावर कर. तुझ्या दादाच्या नको."

"दादाला काय वाटेल?"

"त्याला काय वाटतं ते मी रोज बघते. तुला काय वाटतं ते सांग."

मला काय वाटत होतं, वयनी? मला वाटत होतं की भाऊबीज तुटेल. की गावात नाव होईल, नोकरीवाली बहीण भावाच्या तोंडचा घास काढते. की तू जरा जास्तच बोलतेयस. आणि मी म्हणाले, "वयनी, तू यात पडू नकोस. हा आमच्या घरातला प्रश्न आहे."

आमच्या घरातला. पंचवीस वर्षं त्या घरात राबलेल्या, माझ्या आईचं शेवटपर्यंत हागणंमुतणं काढलेल्या बाईला मी असं म्हणाले.

तू भांडशील असं वाटलं होतं. तू भांडली नाहीस. रिकामी पिशवी घडी करून काखेत धरलीस. "बरं," म्हणालीस. "तुमच्या घरातला." पुढच्या आठवड्यात मी सही केली. त्याच महिन्यात एका शिबिरात दोनशे बायकांपुढे उभी राहून मी सांगितलं की सातबाऱ्यावर नाव लावून घ्या, त्याशिवाय यंत्र नाही, अनुदान नाही, काहीच नाही. टाळ्या पडल्या. मी छान बोलते, ते तुला माहीत आहे.

मशीन आलं गेल्या वर्षी. भातलावणीचं, मागून धरून चालवायचं, एका वेळी चार रांगा लावणारं. अर्ज मीच भरला. 'जमीनधारकाचे नाव' या रकान्यात दादाचं नाव लिहिलं आणि तुला सांगितलं की हे फक्त कागदापुरतं, मशीन तुझंच आहे. तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दादा सकाळी हजेरीची सही करून यार्डात जायचा आणि त्याच्या खुर्चीवर तू बसायचीस. शिकवायला आलेला माणूस चांगला होता, पण तुला बघून म्हणाला, "ताई, तुम्ही ट्रेमधलं रोप भरा. चालवायला दादांना येऊ दे." मशीनचा दांडा तुझ्या छातीशी येत होता.

"दादा येनार फोटोला," तू म्हणालीस. "चालवायचं मलाच हाय."

"मशीन जरा उंच आहे तुम्हाला."

"मशीन उंच नाय, साहेब. बनवताना तुमी बाई मोजलीच नाय."

सगळे हसले. मीही हसले, आणि संध्याकाळी अहवालात 'लाभार्थींच्या सूचना' या मथळ्याखाली तुझं वाक्य शुद्ध मराठीत लिहून टाकलं. तिसऱ्या दिवशी तू मशीन चालवलंस. दांडा हाताने दबेना म्हणून छातीने दाबून चालवलंस. बांधापासून बांधापर्यंत सरळ चार रांगा. बांधावर आलीस तेव्हा तुझं तोंड असं उजळलं होतं की मला तुझ्या लग्नातला चेहरा आठवला. नंतर घरी न्हाणीघरात पदर बाजूला करून दाखवलंस, गळ्याखाली हाडावर काळानिळा पट्टा. "कोनाला बोलू नको," म्हणालीस, "नायतर घेऊन जातील परत." मी कुणाला बोलले नाही. बोलायलाच हवं होतं, माझं कामच ते होतं.

मशीनबरोबर गमबूट द्यायचे होते. ऑर्डर माझ्याकडे होती. एकच साईज घेतली तर लवकर येतात, असं दुकानदार म्हणाला. नऊ नंबर. तुझा पाय पाचाचा. पहिल्याच दिवशी बूट चिखलात रुतला आणि पाय तेवढा वर आला. दुसऱ्या दिवसापासून ते बूट मोटारसायकलवर दादाच्या पायांत दिसायला लागले.

आणि वाडीवरच्या बायका. दरवर्षी आपल्याकडे लावणीला येणाऱ्या. तू विचारलं होतंस, "मशीन आलं तर त्या काय करतील?" मी म्हणाले, त्यांचं स्किलिंग करू. तू म्हणालीस, "ते कशाबरोबर खातात?" हा वाद आपला अर्धाच राहिला. तुझं म्हणणं होतं की त्यांना मशीनवर घ्या, रोप तयार करायला शिकवा, मजुरी तेवढीच द्या. ऑफिसात मी हे मांडलं. पुढच्या टप्प्यात बघू, असं ठरलं. पुढचा टप्पा अजून आलेला नाही.

यंदा यार्डातलं दादाचं कंत्राट संपलं. त्याने मशीन भाड्याने फिरवायला घेतलं. चावी शर्टाच्या खिशात. आज या गावात, उद्या त्या गावात. तू म्हणायचीस, आपली तीन खाचरं आधी होऊ देत. तो म्हणायचा, "बाहेरचं आदी. घरचं कुठं पळून चाललंय?" त्याचंही अगदी खोटं नव्हतं, घरात दुसरी मिळकत नव्हती. पण चालवायला त्याला धड येत नव्हतं, वयनी. लोक हसायचे त्याच्या रांगांना. तुला येत होतं, पण बायकोच्या हातात मशीन देऊन तिला गावोगाव फिरवायची त्याला लाज वाटायची. मशीन बाहेर आणि मशीन येणारी बाई चिखलात, असं झालं.

तू वाडीवर गेलीस बायका बोलवायला. एकजण म्हणाली, "तुला मशीन हाय ना? मंग मशीनलाच बोलव." तिचंही काय चुकलं? गेल्या वर्षी तू त्यांना बोलावलं नव्हतंस.

मग तू मला फोन केलास. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. "तुझ्या दादाला सांग, दोन दिस मशीन घरी ठेव. रोप जुनं व्हायला लागलंय. तुझं ऐकंल तो."

मी म्हणाले, रविवारी बोलते. आमच्याकडे बाहेरची पाहुणेमंडळी येणार होती, काम बघायला. त्यांना दाखवायला तुझाच फोटो मोठा करून लिफ्टजवळ लावला होता: हिरवी साडी, हातात मशीनचा दांडा. त्या फोटोपुढे उभी राहून मी तुझ्याबद्दल बोलले. रविवारी दादाला फोन करायचा राहिला. विसरले असं म्हणू शकले असते, पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? आठवण होती. त्याच्याशी वाद घालायचा कंटाळा आला.

नऊ दिवस तू हाताने लावणी केलीस. सुट्टीच्या दिवशी तुझी लेक रूपाली असायची, पनवेलच्या कॉलेजातून येऊन. बाकीचे दिवस तू एकटी, अनवाणी, भेगा पडलेल्या टाचांनी. दोन खाचरं झाली. तिसरं राहिलं.

ताप आला तेव्हा दादाने तुला मोटारसायकलवरून माझ्याकडे आणून सोडलं. "शहरात दाखव," म्हणाला आणि मशीन कुठंतरी उभं होतं म्हणून लगेच गेला. तू माझ्या सोफ्यावर आडवी झालीस. डोळे लालभडक. "पोटऱ्या फुटतात गं बाय," एवढंच म्हणत होतीस. मी पोटऱ्यांना बाम चोळला. वाटलं, नऊ दिवस वाकून काम केलंय, दुखणारच.

सकाळी नेरुळच्या हॉस्पिटलात नेलं. चांगलं हॉस्पिटल, वयनी, एसी, काचेचे दरवाजे. आत शिरताना मी तुझ्या पायांकडे पाहिलं. नखांत चिखल होता. टाचांच्या भेगांत काळी माती बसली होती. काउंटरवरची मुलगी आधी तुझ्या पायांकडे, मग माझ्याकडे बघत होती. मला लाज वाटली. सरळ सांगते, मला तुझी लाज वाटली. आणि भीतीही. वाटलं, शेतातली बाई म्हटलं की 'ए मावशी, इधर बैठो' करतील, कोपऱ्यात बसवून ठेवतील. मॅडमची वहिनी म्हटलं तर नीट बघतील. मी माझा सीवूड्सचा पत्ता दिला. फॉर्मवर 'व्यवसाय' असा रकाना होता. मी लिहिलं, गृहिणी.

तपासणारा डॉक्टर तरुण होता, हिंदीत बोलत होता. त्याने नीट विचारलं. घाई केली नाही. "क्या करती हैं ये?"

"हाउसवाइफ," मी म्हणाले.

"खेत, कीचड़, जमा हुआ पानी, ऐसा कुछ काम?"

"नहीं नहीं. घर पे ही रहती हैं. मेरे साथ."

हिंदी तुला पूर्ण कळत होती. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. ओठ कोरडे पडले होते. हळूच म्हणालीस, "आता तू पन, बाय?"

मी तुझ्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाले, "गप्प पड. बोलू नकोस. दम लागेल."

आणि तू गप्प राहिलीस. जन्मभर कुणाचं ऐकलं नाहीस, आणि माझं ऐकायला तुला नेमकी तीच वेळ मिळाली.

प्लेटलेट कमी होत्या. डेंग्यू धरून उपचार सुरू झाले. शहरातली घरात बसणारी बाई, ताप, प्लेटलेट कमी, दुसरं काय धरणार? दोन दिवस मी तुझ्या उशाशी बसून नारळपाणी पाजलं आणि ऑफिसच्या मेल बघितल्या. दुसऱ्या संध्याकाळी तुझे डोळे पिवळे झाले. लघवी कमी झाली. तिसऱ्या सकाळी एक मोठ्या डॉक्टरबाई आल्या, मराठी बोलणाऱ्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी पोट तपासलं, पोटरी दाबली तशी तू विव्हळलीस. मग त्यांनी पायांवरची चादर उचलली आणि कितीतरी वेळ तुझ्या टाचांकडे बघत राहिल्या.

"या भातशेतीत काम करतात?"

मी म्हणाले, "हो."

"शेवटचं कधी?"

"ताप यायच्या दिवसापर्यंत."

त्यांनी कागद उलटून बघितला. माझं अक्षर वाचलं. नर्सला रक्त घ्यायला सांगितलं, रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन बदललं. लेप्टो होता. चिखलातल्या पाण्यातून, भेगांतून आत गेलेला. मूत्रपिंडं बसली होती. डायलिसिस लावलं. पाचव्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास तू गेलीस. मी कॉरिडॉरमध्ये डॉक्टरबाईंना गाठून विचारलं, पहिल्या दिवशी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. लवकर सुरू केलं की बरेच वाचतात. सगळेच नाही."

या 'सगळेच नाही'ला धरून मी हे सतरा दिवस काढलेत.

दहाव्याला खाडीकाठी गेलो. कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, काही इच्छा राहिली नव्हती बिचारीची. मला त्या क्षणी तुझा आवाज ऐकायचा होता, तुझी एक सणसणीत शिवी. घरी परतल्यावर दादा ओटीवर बसून राहिला. रडून त्याचे डोळे सुजले होते. रडणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. कुणीतरी विचारलं, आता शेतीचं काय? तर म्हणाला, "कसली शेती? करनारीच गेली. मला त्यातलं काय कळतंय?"

अठ्ठावीस वर्षांत त्याने हे पहिल्यांदा मान्य केलं. चारचौघांत, मोठ्याने. तू ऐकायला नव्हतीस. त्याच्यावर धावून जावंसं वाटलं मला, पण कुठल्या तोंडाने? त्याने निदान हे कबूल तरी केलं होतं.

त्याच दुपारी रूपाली मागच्या पडवीत भांडी घासत होती. मी जाऊन शेजारी बसले. तिचे हात तुझ्यासारखे आहेत, रुंद. मान खाली घालून म्हणाली, "आत्या, एक विचारू? हॉस्पिटलातल्या त्या मोठ्या डॉक्टर मॅडम म्हणत होत्या ना, आधी कळायला पाहिजे होतं. तू पहिल्या दिवशी सांगितलेलंस ना, आई लावणीत होती म्हणून?"

"हो," मी म्हणाले. "आल्या आल्या सांगितलं."

वयनी, इतकं सहज निघालं तोंडातून. तिने भांडं खाली ठेवलं आणि ओल्या हातांनी माझा हात धरला. "मला वाटलेलं आईनंच लपवलं. तिची सवय होती ना, सगळं अंगावर काढायची. मी इतकी चिडलेले तिच्यावर. मनात काय काय बोलले." मग रडली. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा रडली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. म्हणाली, "बरं झालं तू होतीस आत्या. म्हणजे त्या पहिल्या डॉक्टरनं ऐकलंच नाही. त्याला सोडायचा नाही. तक्रार करायची. तू लिहून देशील ना? तुला असलं लिहिता येतं."

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. तिने हो धरलं.

तो पहिला डॉक्टर म्हणजे पंचवीस-सव्वीसचा मुलगा असेल. त्याने विचारलं होतं. खेत, कीचड़, पानी, एकेक शब्द सुटा करून विचारलं होतं.

रूपाली उद्या सकाळी येतेय, तुझे सगळे कागद घेऊन, अर्ज लिहून घ्यायला. कालपासून मी लिहायला बसले ते अर्ज म्हणूनच. पहिल्या ओळीत 'माननीय महोदय' लिहिलं, खोडलं, आणि वयनी लिहिलं. आता दुसरा अर्ज मी लिहिणार नाही. तिला हेच देणार आहे. पावसातून येईल, उपाशी येईल, आधी खाऊ घालावं असं मनात आलं होतं. पण नको. आधी वाचू दे. मग माझ्या हातचं खायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.